अडलेल्या कामाची नोंद

मराठीत संशोधनपद्धतीवरच्या पुस्तकांना तोटा नाही. विषय कसा निवडावा, गृहीतक कसे मांडावे, टिपणे कशी काढावीत, संदर्भसूची कशी लावावी, हे सारे त्यांत सापडते. हे सगळे नीट करूनही तिसऱ्या-चौथ्या वर्षी काम जागच्या जागी थांबते, सकाळी टेबलाशी बसणे नको वाटते आणि ‘आपल्याला हे जमणारच नव्हते’ हा विचार मनात घर करतो, तेव्हा काय करायचे याविषयी मात्र ही पुस्तके बोलत नाहीत. प्रस्तुत पुस्तक त्या काळाविषयी आहे.

त्यातही माझ्यासमोर आहे ते संथ संशोधन, म्हणजे ज्याची गती संशोधकाच्या हुशारीपेक्षा सामग्रीवर अवलंबून असते ते. हस्तलिखितांवरून संहिता ठरवणे, ऐतिहासिक तत्त्वांवर कोश करणे, दप्तरातले मोडी रुमाल वाचणे, गावोगाव फिरून ओव्या गोळा करणे, ही अशी कामे. रात्रीचा दिवस केला म्हणून पोथीचे हरवलेले पान लवकर सापडत नाही. आषाढात वाट बंद झालेल्या वाडीवर पाऊस सरल्याशिवाय जाता येत नाही. ज्या आजीबाईंकडून गाणी घ्यायची होती त्या पावसाळ्यात जातात, आणि त्यांच्याबरोबर एक अख्खे प्रकरण जाते.

पूर्ण झालेला प्रबंध वाचताना यातले काही दिसत नाही. प्रश्न, साधने, विवेचन, निष्कर्ष हे एका सरळ रस्त्यावरचे थांबे वाटावेत अशीच प्रबंधाची रचना असते. आज ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध घरबसल्या उघडता येतात. नवा संशोधक ते वाचतो आणि इतरांच्या छापील पानांशी आपल्या खाडाखोडीच्या वहीची तुलना करतो. ही तुलना मुळातच विषम आहे हे त्याला कोणी सांगत नाही. मग मार्गदर्शकांना फोन करायचा संकोच वाटू लागतो, चर्चासत्रांना जाणे टळू लागते, ‘झाली का पीएचडी?’ असे विचारणाऱ्या मामांच्या घरचे लग्नही नकोसे होते. काम का अडले याचे कारण कामात शोधायचे सोडून तो ते स्वतःत शोधू लागतो.

या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे. संशोधनात शंका हवीच, पण ती पुराव्यावर घ्यायची असते. अडथळ्यांच्या काळात तीच शंका पुराव्यावरून घसरते आणि माणसावर येते. तिला परत तिच्या जागी नेणे हे काम संशोधकाचे आहेच, तितकेच मार्गदर्शकाचे आणि विद्यापीठाचेही आहे. हा नुसता उपदेश वाटू नये म्हणून आपल्याकडची काही कामे जरा जवळून पाहू.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे त्यांतले सर्वांत मोठे काम. तिची हकिगत आपण यशोगाथा म्हणून ऐकतो: १,२५९ हस्तलिखिते, १९ खंड, २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत झालेला पूर्तीचा समारंभ. हीच हकिगत अडथळ्यांच्या बाजूनेही सांगता येते. अशी आवृत्ती व्हावी ही सूचना संस्कृतचे अभ्यासक विंटरनिट्झ यांनी १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मांडली. युरोपातल्या अकादम्यांनी ती उचलली, ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये नमुन्यादाखल काही पाने छापली आणि पहिल्या महायुद्धात सगळे बारगळले. पुण्यात १९१७ साली भांडारकर संस्था स्थापन झाली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लाख रुपये देऊ केले आणि १ एप्रिल १९१९ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला. नारायण बापूजी उटगीकर यांनी १९२३ मध्ये विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ती छापली आणि ती देशोदेशीच्या विद्वानांकडे अभिप्रायासाठी गेली. पुढे १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखठणकर मुख्य संपादक झाले आणि त्यांनी पद्धत नव्याने बसवून आदिपर्वापासून सुरुवात केली. विराटपर्व १९३६ मध्ये रघु वीर यांच्या संपादनाने पुन्हा निघाले. म्हणजे प्रारंभाला सहा वर्षे उलटल्यावर, एक पर्व छापून झाल्यावर, काम पुन्हा पहिल्या पानावर आले होते. आजच्या प्रगती-अहवालात ही सहा वर्षे कोणत्या रकान्यात भरली असती?

सुखठणकर केंब्रिजला गणित शिकले होते आणि बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली तयार झाले होते. तरी त्यांच्यापुढचा प्रश्न युरोपात ग्रीक-लॅटिन ग्रंथांसाठी घडलेल्या पद्धतीने जसाच्या तसा सुटणारा नव्हता. त्या पद्धतीत पोथ्यांची वंशावळ लावत मूळ प्रतीच्या जवळ जाता येते. महाभारताच्या पोथ्या मात्र शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांत शतकानुशतके उतरवल्या गेल्या. एका प्रदेशातली पोथी दुसऱ्या प्रदेशातल्या पोथीवरून दुरुस्त केली गेली, भर घातली गेली, आणि वंशावळीच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या. पाठभेद टिपण्याचे काम पुण्याबरोबर शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही चाले. श्लोकाचे अक्षर न् अक्षर चौकटीत लिहायचे आणि त्याखाली प्रत्येक पोथीतला फरक भरायचा, असे ते तक्ते असत.

अशा कामात आपली निवड चुकेल ही भीती कायमची असते. सुखठणकरांनी त्या भीतीला छापील पानावरच जागा दिली. जो पाठ पुराव्याने पक्का ठरला तो साधा छापला. जिथे निवड तर करावी लागली पण पुरती खात्री नव्हती, तिथल्या अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. वाचणाऱ्याला कळते की येथे संपादक साशंक आहे, आणि खालच्या पाठभेदांवरून त्याला स्वतःचा निर्णय करता येतो. शंका लपवली गेली नाही आणि तिच्यापायी कामही थांबले नाही. व्यासांनी सांगितलेले महाभारत गणपतीने लिहून घेतले, ही घरोघरी माहीत असलेली कथा पोथ्यांचा आधार अपुरा म्हणून संहितेतून निघून परिशिष्टात गेली. ते पुष्कळांना रुचणार नाही हे उघड होते. पण जो संपादक स्वतःच्या निवडीखालीही रेघ ओढतो, त्याला परंपरेची कथा परिशिष्टात घालण्याचा अधिकार असतो.

आदिपर्व १९३३ मध्ये पुरे झाले. त्यानंतर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्यामुळे आदिपर्वाची एक फार जुनी पोथी उजेडात आली. खंड छापून झाल्यावर नवा साक्षीदार उभा राहावा, याहून मोठी धास्ती संपादकाला नसेल. सुखठणकरांनी त्या पोथीवर स्वतंत्र लेख लिहून आपली संहिता तिच्याशी ताडून पाहिली आणि पोथीने संहितेला मोठाच आधार दिला. २१ जानेवारी १९४३ रोजी ते अचानक गेले. मुंबई विद्यापीठातली त्यांची महाभारतावरची व्याख्यानमाला अपुरी राहिली आणि अठरांपैकी बहुतेक पर्वे व्हायची होती. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी काम तडीस नेले. इतक्या माणसांच्या हातून जाऊनही ते टिकले, कारण प्रत्येकाला कुठे खात्री आहे आणि कुठे नाही हे आधीच्याने लिहून ठेवले होते.

पुण्यातच, डेक्कन कॉलेजात, याहूनही संथ एक काम चालू आहे. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवरचा महाकोश हाती घेतला. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्दांच्या चिठ्ठ्या काढण्यातच पाव शतक गेले आणि चिठ्ठ्यांची संख्या कोटीच्या घरात पोचली. अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली पहिला भाग १९७६ मध्ये बाहेर आला. पस्तीस खंड झाले तेव्हाही कोश ‘अ’ या अक्षरातच होता. नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत ज्यांनी ‘अ’ सोडून दुसरे अक्षर पाहिले नाही, अशी माणसे या कामाने पोसली. शेवट दिसण्याची आशा धरून असे काम करता येत नाही. शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या अर्थाने, आधी कुठे आला, एवढे हातातल्या चिठ्ठीपुरते बिनचूक लिहिणे हेच तिथले मोजमाप आहे. ज्याचे काम दहा वर्षांचे आहे त्याने असे एखादे लहान मोजमाप आधीच ठरवून घ्यावे, नाहीतर रोजचा दिवस दहा वर्षांच्या हिशेबात शून्यच भरतो.

इतिहासाच्या साधनांची गोष्ट वेगळी. तिथे काम मोठे म्हणून अडत नाही, दार बंद म्हणून अडते. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि ही मालिका २२ खंडांपर्यंत गेली. त्यासाठी घराण्यांची दप्तरे धुंडाळत ते गावोगाव हिंडले. या वाटेवर जाणाऱ्याला काय भेटते ते आजही तेच आहे. माळ्यावरचे रुमाल वाळवीने पोखरलेले असतात. कागद दाखवले तर जमिनीच्या वादात काही निघेल अशी मालकाला धास्ती असते. कुठे ‘वाटण्या झाल्या तेव्हा काकांकडे गेले’ एवढेच उत्तर मिळते, आणि काकांकडे गेल्यावर ते रद्दीत गेल्याचे कळते. सरकारी ताब्यातले पेशवे दप्तर राजवाड्यांच्या पिढीला मोकळे नव्हते. त्यातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ भागांत छापले जाऊ लागले ते १९३० पासून. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले होते.

कागद हाती आला म्हणून अडथळा संपतो असेही नाही. अठराव्या शतकातल्या पुष्कळ मराठी पत्रांवर ‘छ’ लिहून मुसलमानी महिन्याचा चंद्र दिलेला असतो आणि वर्ष दिलेलेच नसते. मग पत्रातला एखादा मुक्काम, कोणाच्या तरी निधनाची बातमी, एखाद्या सरदाराचा त्या वेळचा हुद्दा यांवरून साल ठरवायचे आणि जंत्री उघडून तिथी-वार जुळतात का ते पाहायचे. साल चुकले की पत्र भलत्याच मोहिमेत जाऊन बसते आणि त्याच्यावर उभारलेले अख्खे प्रकरण कोसळते. मोडीत मुरलेल्या माणसांना हा अनुभव नवा नसतो. नवख्याला मात्र तो पहिल्यांदा येतो तेव्हा आपली सारी विद्याच खोटी होती असे वाटते.

येथे दोन शंका वेगळ्या करून पाहता येतात. ‘हे पत्र पानिपताच्या आधीचे की नंतरचे?’ ही एक. ‘मला मोडी वाचता येते तरी का?’ ही दुसरी. पहिलीला जंत्री उत्तर देते, त्याच घराण्यातले दुसरे पत्र उत्तर देते, एखादा जाणकार देतो. दुसरीला उत्तर देणारे साधन जगात नाही. म्हणून दुसरी शंका आली की तिला वाक्यात पकडून पहिलीत उतरवायचे. कोणते अक्षर लागले नाही? कोणत्या ओळीत? हात कोणत्या लेखकाचा आहे? त्याच लेखकाच्या दुसऱ्या पत्रात ते अक्षर कसे आहे? असे चार प्रश्न लिहून काढले की स्वतःविषयीची शंका बहुधा एका अक्षराएवढी उरते. तेवढीच उरली नाही, म्हणजे मोडी खरोखरच कच्ची आहे असे दिसले, तर तेही बरेच. मग काय शिकायचे ते कळते.

तिसऱ्या प्रकारचा अडथळा सर्वांत जास्त घाबरवतो. साधने मिळतात, कष्ट होतात आणि निष्कर्ष गृहीतकाच्या उलट निघतो. इरावती कर्वे यांचे बर्लिनमधले काम या बाबतीत पाहण्यासारखे आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या तिथल्या कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध करत होत्या. फिशर हे वंशशास्त्रातले त्या काळचे बडे प्रस्थ होते आणि पुढे त्यांची मते नाझी वंशवादाच्या कामी आली. मानवी कवटीच्या दोन बाजूंत जो फरक असतो त्याचा वंशाशी संबंध लागतो, अशी त्यांची धारणा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही असे लिहिले. ऐन पंचविशीतली, उसन्या पैशांवर परदेशी आलेली विद्यार्थिनी एका बाजूला आणि संस्थेचा प्रमुख दुसऱ्या बाजूला, असा हा मामला होता. पदवी मिळाली, श्रेणी मात्र खालची मिळाली. पुढे त्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि महाराष्ट्रातल्या मानवशास्त्राचा पाया त्यांच्या हातून घातला गेला. ‘काहीच निघाले नाही’ म्हणून आपल्याकडे प्रबंध गुंडाळले जातात, किंवा निघाले त्याला ओढूनताणून गृहीतकाच्या बाजूला वळवले जाते. संबंध नाही हे मापांनिशी दाखवणे हाही निष्कर्षच आहे, आणि त्या काळी त्या जागी तो मोठ्या किमतीचा होता.

शंकेने नुसता ताप होतो असा ग्रह होऊ नये म्हणून उलट बाजूचेही उदाहरण द्यायला हवे. दामोदर धर्मानंद कोसंबी गोव्यात १९०७ साली जन्मले. गणिती म्हणून नाव, जुन्या नाण्यांच्या अभ्यासात संख्याशास्त्र आणणारे, पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी तुडवून अश्मयुगीन हत्यारे वेचणारे. भर्तृहरीच्या सुभाषितांच्या त्यांच्या १९४८ च्या चिकित्सक आवृत्तीमागे पावणेचारशेवर हस्तलिखिते आहेत. संथ कामाची शिस्त त्यांना कोणी शिकवायला नको होती. तरी १९५९ मध्ये त्यांनी कृषी-संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात, रीमानचे गृहीतक सिद्ध होते असा दावा करणारा लेख छापला. गणितातल्या सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक असलेल्या या गृहीतकाची परीक्षा करण्याची ती जागा नव्हती. दावा टिकला नाही आणि गणितज्ञांमधल्या त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही, त्यामागे एकाहून अधिक कारणे सांगितली जातात. भर्तृहरीचा एकेक श्लोक शेकडो पोथ्यांशी ताडून पाहणाऱ्या माणसाने स्वतःची सिद्धता तितक्याच कडक परक्या नजरेपुढे ठेवली नाही, एवढे मात्र दिसते. या धक्क्यानंतरही ते लिहीत राहिले. प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचे त्यांचे पुस्तक १९६५ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. आत्मविश्वास कमी पडल्याने जितके संशोधन बुडते, तितकेच तो अवाजवी झाल्यानेही बुडते. दोन्ही वेळा चूक एकच असते: पुराव्याकडे पाहायचे सोडून माणूस स्वतःकडे पाहू लागतो.

आता एक गैरसमज आधीच दूर करतो. अडथळे माणसाला घडवतात, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. पुष्कळ अडथळे निव्वळ नुकसान करतात. महाराष्ट्रातल्या आजच्या संशोधकाची आत्मशंका बऱ्याचदा पोथीतून उगवत नाही, रिकाम्या खिशातून उगवते. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, दोन-तीन कॉलेजांत तास घेत फिरणारा, अधिछात्रवृत्तीच्या हप्त्याची महिनोन्महिने वाट पाहणारा, घराण्यात पहिल्यांदाच विद्यापीठाची पायरी चढलेला संशोधक अडतो, तेव्हा ‘मी या जगातला नाहीच’ असे त्याला इतरांपेक्षा फार लवकर वाटते. वाटावे अशीच व्यवस्था भोवती असते. चर्चासत्रात नेहमीची मंडळी एकमेकांना ओळखत असतात, संदर्भग्रंथ इंग्रजीत असतात, आणि बरोबरीचा मित्र एमपीएससी करून नोकरीला लागलेला असतो. लग्नानंतर दुसऱ्या गावी गेलेली संशोधिका वर्षभर वही उघडू शकली नाही तर तिच्या चिकाटीबद्दल बोलण्याचा अधिकार कोणालाही नाही. अशा शंकेवर थोरामोठ्यांच्या गोष्टी चालत नाहीत. वेळेवर जमा होणारा हप्ता, वसतिगृहातली खोली, संध्याकाळनंतरही उघडे असणारे ग्रंथालय, मूल सांभाळायला कोणीतरी, हे चालते. पुस्तकाच्या तिसऱ्या भागात हा विचार सविस्तर केला आहे, आणि माझ्या मते तोच भाग विद्यापीठे चालवणाऱ्यांनी आधी वाचावा.

नियमांबद्दलही थोडे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहेत, फेरनोंदणी केली तर आणखी दोन, आणि स्त्रिया व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले संशोधक यांना त्यावर दोन. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. मुदत असण्यात गैर काही नाही. मुदत नसल्याने कपाटात पडून राहिलेली कामेही आपण पाहिली आहेत. अडचण प्रगतीच्या व्याख्येत आहे. काय पूर्ण झाले हे समिती विचारते, काय चुकीचे ठरले हे क्वचितच विचारते. दोन वर्षे एक गृहीतक तपासून ते टाकून देणारा विद्यार्थी समितीपुढे रिकाम्या हाताने उभा राहतो आणि काहीच न तपासणारा तीन प्रकरणांचे कच्चे खर्डे घेऊन येतो. २०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती होती. त्या आणि तशाच इतर सक्त्यांच्या आधारावर पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके माजली. २०२२ मध्ये पीएचडीपुरती ती सक्ती गेली, सवय अजून गेलेली नाही. शंका घ्यायला वेळच न देणारी व्यवस्था शेवटी शंका न घेणारे संशोधक तयार करते.

मार्गदर्शकाच्या हाती पुष्कळ असते. विद्यार्थ्याला धीर देणे सोपे आहे, पण ‘होईल सगळे नीट’ हे वाक्य अडलेल्या माणसाला पोकळ वाटते. त्यापेक्षा मार्गदर्शकाने आपल्या स्वतःच्या प्रबंधाची जुनी टिपणे, गाळलेली प्रकरणे, परत आलेले लेख विद्यार्थ्यापुढे ठेवावेत. छापील पुस्तकामागे केवढा ढीग होता हे एकदा डोळ्यांनी पाहिले की ती विषम तुलना आपोआप थांबते. दुसरे, विद्यार्थी भेटायला आला की ‘किती झाले?’ या प्रश्नाऐवजी ‘कुठे अडले?’ हा प्रश्न आधी विचारावा. उत्तर देताना विद्यार्थ्याला काम नेमके सांगावे लागते, आणि नेमके सांगितलेले काम निम्मे सुटलेले असते.

पुस्तकाची मांडणी या विचारानेच केली आहे. पहिला भाग साधने न मिळण्याविषयी आहे: सूचीत असलेली आणि जागेवर नसलेली पोथी, बंद दप्तर, गेलेला निवेदक, आपल्या विषयावर दुसऱ्याचे पुस्तक आधी येणे. दुसरा भाग गृहीतक मोडण्याविषयी आहे आणि टाकून दिलेल्या कामातून काय वाचवावे हे त्यात सांगितले आहे. तिसरा भाग माणूस थकण्याविषयी आहे. ज्याला सध्या कशाचाच उत्साह नाही त्याने तिसऱ्यापासून सुरुवात केली तरी चालेल. मात्र थकवा महिनोन्महिने उतरत नसेल, झोप आणि जेवण बिघडले असेल, तर पुस्तक मिटून डॉक्टरांकडे जावे. तो संशोधनपद्धतीचा प्रश्न उरलेला नसतो.

तिन्ही भागांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, ती म्हणजे नोंद. अडलेल्या जागेची तारीखवार नोंद ठेवावी. कुठे गेलो, काय पाहायचे होते, काय मिळाले नाही, कोण काय म्हणाले, गृहीतक का टाकले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. तरी ते काम त्यांच्याबरोबर संपले नाही. ओवी कोणी गायली, कोणत्या गावात गायली, हे त्यांनी लिहून ठेवले होते. त्यामुळेच ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ला पुढे त्या संग्रहाचे काम हाती घेता आले, जुन्या गायिकांपैकी काहींच्या दारात पुन्हा जाता आले आणि ओव्या लोकांपुढे आणता आल्या. नोंद असेल तर काम थांबते, मरत नाही.

म्हणून या पुस्तकाच्या वाचकांना माझी एक विनंती आहे. प्रबंध सादर करताना शेवटी चार-पाच पानांचे एक परिशिष्ट जोडा. शोधली पण सापडली नाहीत अशी साधने, टाकून दिलेली गृहीतके आणि टाकण्याची कारणे, जिथे अजूनही खात्री नाही अशा जागा, एवढेच त्यात लिहा. परीक्षकांनी मौखिकीत त्या पानांवर प्रश्न विचारावेत आणि ती पाने आहेत म्हणून प्रबंध कमकुवत ठरवू नये. विद्यापीठांनी ती मागावीत. तुमच्यानंतर त्याच दप्तराशी, त्याच डोंगरवाडीत येणाऱ्या संशोधकाची दोन वर्षे त्याने वाचतील आणि अडणे हा आपला दोष नव्हे हे त्याला कोणी न सांगता कळेल. नियम होण्याची वाट पाहू नका. तुमच्या प्रबंधापासून सुरुवात करा.